रिंकूच्या एकोणीस वह्या

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मंग कोणी "बिचारी" म्हणणार नाई. माही बहीण रिंकू डॉक्टर आहे. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात पीजी करून राह्यली, मेडिसिनमधी. अन् मी धनराज, तिचा मोठा भाऊ, आठवी नापास. सावली गावच्या तलावावर जाळं टाकतो अन् बाजारात मासोळ्या विकतो. आमचा बाप इस्तारीही हेच करते.

बारावीनंतर रिंकूचा इथी मेडिकलले नंबर लागला नाई. बापानं धानाच्या शेताची बांधी विकली अन् तिले किर्गिझस्तानात धाडलं. सहा वर्सं बर्फात काढून पोट्टी डॉक्टर होऊन आली. आमी मोहल्ल्यात पेढे वाटले. मंग समजलं का बाहेर देशात शिकलेल्याले इथी आणखी एक परीक्षा द्या लागते. एकोणीस विषय, तीनशे प्रश्न, त्यातले दीडशे बरोबर आले तं आले, नाई तं घरी बसा. पहिल्यांदा तिले एकशे एकवीस मिळाले. दुसऱ्यांदा एकशे चव्वेचाळीस. सहा मार्कासाठी माही बहीण चार दिवस जेवली नाई.

तवा श्रीहरी डॉक्टरनं बोलावलं. गावात त्यांचा मोठा दवाखाना. म्हणे, घरी बसून काय करते, माह्या इथी ये, पेशंट पाहून शिकशीन. शिकवलं काय, तं दारातल्या टेबलावर बसून नाव लिहा अन् चिठ्ठ्या फाडा! पोट्टी तरी गेली. तिले वाटे, आतून काहीतरी कानावर पडंन. सहा महिने गेली.

बाजाराचा दिवस होता. मी डॉक्टरच्या घरी मरळ घेऊन गेल्तो. तलाव उपसला का पहिली मोठी मरळ त्यांच्याच घरी जाये, आमच्या आज्यापासूनची रीत. दवाखान्यात पाय ठेवाले जागा नव्हती. एक म्हातारी, कमळाबाई, रिंकूले म्हणे, "डॉक्टरबाई, माह्या पायाची सूज पाहता का वो?" रिंकू उठली अन् वाकून पाय पाहू लागली. तेवढ्यात आतून श्रीहरी डॉक्टर आले.

"डॉक्टर नाही ही," ते सगळ्याईपुढं बोलले. "मासोळीवाल्याची पोट्टी आहे. तिला चिठ्ठ्या फाडायला बसवलं आहे."

लोकं हासले. कमळाबाईनं पाय मागं घेतला. रिंकू टेबलावर जाऊन बसली, मान खाली, अन् पुढची चिठ्ठी लिहाले लागली. माह्या हातात अडीच किलोची मरळ होती. खरं सांगतो, तीच त्या माणसाच्या तोंडावर हाणाची इच्छा झाली होती. हाणली नाई, याचं मले अजून वाईट वाटते. मरळ घरी आणली अन् बापाले सांगितलं, याच्यापुढं त्या घरी आमच्या जाळ्यातला झिंगाही जाणार नाई. हा माणूस एक दिवस आपल्या दारात येईन, अन् मी त्याले पाहून घेईन.

रिंकू दुसऱ्या दिवशीपासून दवाखान्यात गेली नाई. तिनं एकोणीस जाडजूड वह्या आणल्या, एका विषयाले एक. पहाटे आमी जाळं घेऊन निघालो का ती तलावाच्या पाळीवर, बांधावर, वही घेऊन बसलेली दिसे. दुपारी आलो तरी तिथीच. मी विचारलं, बाई, तुले कंटाळा नाई येत? म्हणे, येते, मंग वहीचं पान पलटवतो. दोन वर्सात तिनं त्या वह्या भरल्या. नागपूरले परीक्षा देली अन् एकशे अठ्ठ्याण्णव मार्क घेतले. मंग गडचिरोलीले एक वर्स इंटर्नशिप, मंग पीजीची परीक्षा, तीही काढली. वह्या तिनं लोखंडी पेटीत ठेवल्या अन् चाबी माह्याजवळ देली.

मी मुद्दाम पेढे घेऊन श्रीहरी डॉक्टरकडं गेलो. मले पाहाचं होतं त्यांचं तोंड कसं होते. ते म्हणाले, "अरे वा, आपल्या दवाखान्यात होती नं ती काही दिवस? हुशार पोरगी." त्या दिवसाची त्याईले आठवणही नव्हती. मी तसाच घरी आलो. माहा राग वायाच गेला होता, अन् याच्यानंच तो आणखी वाढला.

पण वर्सभरातच दिवस फिरले. त्यांचा पोरगा अमरही बाहेरूनच डॉक्टर होऊन आला होता. तो दोनदा नापास झाला. अन् एका सकाळी श्रीहरी डॉक्टर आमच्या आंगणात उभे. चपला बाहेर काढल्या त्याईनं. रिंकूच्या वह्या मिळतीन का म्हणे, धनराजभाऊ.

भाऊ! दहा वर्स मरळ नेऊन देली, तवा मी "अबे" होतो.

मी म्हणलो, देतो नं. पण पोराले उद्यापासून दारातल्या टेबलावर बसवा, चिठ्ठ्या फाडाले. अन् कोणी त्याले डॉक्टर म्हणलं तं तुमी बाहेर येऊन सांगा का हा डॉक्टर नाई. डॉक्टरचं तोंड उतरलं. तवा त्याईले आठवलं. मंग हो म्हणाले.

बुधवारी मी गेलो, पाहाले. अमर टेबलावर बसला होता, सव्वीस वर्साचा, चष्मेवाला, सभ्य पोरगा. मीच पुढं झालो अन् मोठ्यानं म्हणलो, "डॉक्टरसाहेब, माह्या हाताचा फोड पाहता का?" श्रीहरी डॉक्टर बाहेर आले. "हा डॉक्टर नाही," ते बोलले. "परीक्षा पास होत नाही त्याच्याकडून." लोकं हासले. अमरनं मान खाली घातली अन् पुढची चिठ्ठी लिहाले लागला. खोटं काऊन बोलू, मले गोड वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

सांजीले पेटी उघडली. पहिल्यांदाच वही उघडून पाह्यली. हरेक पानाच्या वरती एकच ओळ, लाल पेनानं: डॉक्टर नाही ही, मासोळीवाल्याची पोट्टी आहे. खाली त्या बाजाराच्या दिवसाची तारीख. एकोणीसच्या एकोणीस वह्यात. पान पलटवलं का पुन्हा तेच. मी म्हणलो, वाचू दे पोराले बापाचं बोलणं, अन् वह्या तशाच देल्या.

रिंकूले फोन केला, मोठ्या फुशारकीनं सगळं सांगितलं. वाटलं हासंन. ती ड्युटीवर होती, हासली नाई.

"वह्या देल्या ते बरं केलं," ती म्हणे. "त्या ओळी अमरच्या बापाले पोहोचल्या असत्या, मले तेवढाच सूड पाह्यजे होता. पण पोराले त्या खुर्चीत काऊन बसवलं, दादा? माह्यं भांडण त्याच्याशी नव्हतं. आता तो पास होईन, पाहजो. त्या खुर्चीत बसलेलं माणूस झोपत नाई."

मी म्हणलो, होऊ दे पास, आपलं काय जाते. तिनं फोन ठेवला.

सहा महिन्यानं अमर पास झाला. दोनशे तीन मार्क, रिंकूपेक्षा पाच जास्त. वह्या परत द्याले तो स्वतः आला. चहा घेतला नाई, बसलाही नाई. वह्यांचा गठ्ठा माह्या हातात देला, माह्याकडं नीट पाह्यलं अन् निघून गेला.

पेटीत ठेवण्याआधी मी वरची वही उघडली. रिंकूच्या लाल ओळीखाली निळ्या पेनानं आणखी एक ओळ होती. दुसऱ्या पानावरही, तिसऱ्याही, सगळ्याच वह्यात. "डॉक्टरसाहेब, माह्या हाताचा फोड पाहता का? — धनराज." खाली तारीख लिहिली होती. ती बुधवारचीच असंन. मले तारीख आठवत नव्हती.