न आवरलेली टेबलं

मुलं तिला पाठीमागे जागेवरबाई म्हणत आणि तोंडावर मावशी. सार्वजनिक वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत ती एकोणीस वर्षं शिपाई होती. "झालं वाचून? दे इकडे, जागेवर जाऊ दे," हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं, की झोपेतही म्हणते अशी तिच्या नवऱ्याची तक्रार होती. मुलाने पुस्तक मिटायचा अवकाश, हिचा हात पुढे. साडेसहाला शेवटचं मूल बाहेर पडे आणि पावणेसातला टेबलं अशी लख्ख होत, की दिवसभर इथे माशीसुद्धा फिरकली नसेल असं वाटावं. याचा तिला भारी अभिमान होता. राग तर नाकावरच असायचा, पण तो पानांचे कोपरे दुमडणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असे.

शिक्षण सातवीपर्यंत. लागली होती झाडलोटीला. एकदा शिडीवर बसून पुस्तकांची धूळ झटकताना तिने हातातलं पुस्तक सहज उघडलं. एका फुटक्या जहाजाची गोष्ट होती. दीड तास बाई शिडीवरून खाली उतरल्याच नाहीत. तेव्हापासून कपाटामागून कपाट करत तिने अख्खी खोली वाचून काढली. नवऱ्याचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. तो चिडवायचा, "आज काय शिकलीस? आम्हाला आत्ता सांगणार, की परीक्षेनंतर?" ती आत्ताच सांगायची, आणि तोही कानस बाजूला ठेवून ऐकायचा.

शाळा सुटली की मुलं थेट इथे येत. कोणाला ज्वालामुखीचं चित्र हवं असे, कोणाला शब्दकोश, कोणाला अपूर्णांकांची सोडवलेली उदाहरणं. "गणित मला येत नाही," ती सांगायची, "पण गणित कुठे राहतं ते ठाऊक आहे." आणि नेमक्या पुस्तकाच्या नेमक्या पानावर बोट ठेवायची. गृहपाठ उरकला की मात्र ती वही मिटायला लावी. "आता शाळेसाठी नाही, स्वतःसाठी वाच." मग कोणी चोर-पोलिसांत, कोणी भुतांत, कोणी बेडकांत असं बुडून जाई, की त्यांना उठवताना तिला स्वतःलाच वाईट वाटे.

एका शनिवारी ग्रंथपालांनी तिला टेबलाशी बोलावलं. भला माणूस, पण भित्रा. वरून कागद आला की आधी यांचे हात थरथरायचे.

"बाई, मुलांची खोली बंद होतेय."

"का म्हणून?"

"समितीला बैठकीसाठी दालन हवंय. पुस्तकं तळघरात जातील. पुढच्या शनिवारी पाचला समिती येऊन ठराव करणार."

"आणि मुलं?"

ग्रंथपालांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "कोणती मुलं? गेल्या महिन्यात या खोलीतून फक्त अकरा पुस्तकं घरी गेली. कागदावर इथे कोणी वाचतच नाही."

ती नोंदवहीकडे बघत राहिली. घरी पुस्तक न्यायचं तर पालकांची सही हवी, पत्त्याचा पुरावा हवा. पालक कामावर, आणि पुस्तक फाटलं तर काय, ही घरोघरची धास्ती. शब्दकोश आणि नकाशे तर नियमानेच बाहेर जात नाहीत. मुलं इथेच बसून वाचत. आणि वाचलेलं प्रत्येक पुस्तक कोण तत्परतेने उचलून ठेवत होतं? ती स्वतः! एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी तिने आपल्या हातांनी मुलांच्या वाचनाचा पुरावा पुसून टाकला होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आधी स्वतःवर, मग समितीवर, आणि मग त्या नोंदवहीवर, जिला दारातून बाहेर जाणारं तेवढंच पुस्तक दिसायचं.

सोमवारी साडेसहाला शेवटचं मूल गेलं. तिने दिवे घालवले, दाराला कुलूप लावलं आणि टेबलं तशीच ठेवून घरी गेली.

मंगळवारी ग्रंथपाल दारातच थबकले. "अहो बाई, हे काय मांडलंय?"

"काल वाचलेली पुस्तकं आहेत. एकूण बाहत्तर."

"मग जागेवर लावा की!"

"नाही लावणार."

एकोणीस वर्षांत तिने 'नाही' म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते दोनदा खाकरले आणि आपल्या खुर्चीकडे परत गेले.

बुधवारी टेबलं भरली, गुरुवारी खिडकीचे कट्टे. कपाटांना दात पडल्यासारखी खिंडारं दिसू लागली. मुलांना आधी गंमत वाटली, मग पंचाईत झाली, कारण नकाशांचं पुस्तक शोधायला आता ढिगाऱ्यात हात घालावा लागे. पण शोधता शोधता भलतंच काहीतरी हाती लागायचं, आणि पोरं तिथेच फतकल मारून बसायची.

शुक्रवारी एक चष्मेवाली मुलगी बारा जाडजूड पुस्तकं छातीशी धरून आली. रोज विज्ञानाचा गृहपाठ करून मग हेरकथा वाचणारी होती ती. तिने पुस्तकं धपकन ढिगावर टाकली.

"ही वाचलीस?"

"नाही. पण ढीग मोठा दिसेल ना, मावशी."

"एकसुद्धा खोटं नको मला," ती कडाडली. मुलीचा चेहरा पडला. तेव्हा आवाज खाली आणून तिने समजावलं, "खरं एवढं ढीगभर असताना आपण खोट्याच्या दारात कशाला जायचं?" ती बारा पुस्तकं तिने परत लावली. त्या आठवड्यात जागेवर गेलेली तेवढीच.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "नोकरी जाईल हं."

"जाऊ दे. तुझ्या दुकानात बसेन, आणि गिऱ्हाइकांना पुस्तकं वाचून दाखवीन."

"मग दुकानही जाईल," तो म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. तिला मात्र हसू आलं नाही. भीती तिलाही वाटत होती. पण त्या खोलीत मुलांच्या जागी वेताच्या खुर्च्या आणि बिस्किटांच्या बशा डोळ्यांपुढे आल्या, की भीतीपेक्षा संतापच वर यायचा.

शनिवारी पाचला समिती आली. अध्यक्ष, तीन सभासद आणि मागे फाइल घेतलेले ग्रंथपाल. खोली मुलांनी भरलेली. बसायला एक खुर्ची रिकामी नाही. ज्या खुर्च्यांवर मुलं नव्हती, त्यांवर पुस्तकं होती.

"हा काय उकिरडा केलाय?" अध्यक्ष गरजले.

"सहा दिवसांत मुलांनी वाचलेली पुस्तकं आहेत, साहेब. चारशे बारा."

"तुम्हीच काढून रचली असतील!"

"मी काढली असती तर चार हजार काढली असती. मला शिडी चढता येते."

एका मुलाला हसू फुटलं. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "आत्ताच्या आत्ता उचला ही."

"नाही उचलणार. तुम्ही नीट बघितल्याशिवाय एकाही पुस्तकाला हात लावणार नाही."

"शिपाई आहात तुम्ही!"

"हो ना. म्हणून तर मला माहीत आहे किती उचलावी लागतात ती."

अध्यक्ष गर्रकन ग्रंथपालांकडे वळले. "यांना मेमो द्या. आत्ता, माझ्यासमोर. जावक क्रमांक घालून. चारशे बारा हा आकडासुद्धा लिहा, म्हणजे कामचुकारपणा केवढा ते दिसेल."

ग्रंथपाल कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. त्यांनी कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि थांबले. 

"साहेब, कोणती चारशे बारा म्हणून लिहू?"

"म्हणजे?"

"नुसतं पुस्तकं लिहिलं तर कोणी काढली असा प्रश्न येईल. मी रोज इथे होतो. ती मुलांनी वाचायला काढली होती, आणि वाचली. दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल. मला सही करता येणार नाही."

तिने ग्रंथपालांकडे पाहिलं. या माणसाला तिने मनात किती वेळा बुळा म्हटलं होतं!

"लिहा हो हवं ते!" अध्यक्ष ओरडले. "पण मेमो द्या!"

ग्रंथपालांनी लिहिलं, क्रमांक घातला, सही केली. अध्यक्षांनीही रागारागात खाली सही ठोकली. मग तिने कागद हातात घेतला आणि सगळ्या मुलांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. "या वाचनालयाच्या मुलांच्या खोलीत सहा दिवसांत मुलांनी वाचलेली चारशे बारा पुस्तके आपण जागेवर लावली नाहीत. हे गंभीर बेशिस्तीचे वर्तन आहे."

सभासदांपैकी एक वयस्क बाई फाइलमधला ठराव चाळत होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, ठरावात आपण लिहिलंय, इथे कोणी वाचत नाही. आणि मेमोवर तुमचीच सही आहे की चारशे बारा वाचली गेली. एकाच तारखेचे हे दोन कागद एकाच फाइलला लावायचे का?"

अध्यक्षांनी मेमो मागण्यासाठी हात पुढे केला. तिने तो घडी करून मुठीत धरला. जावक क्रमांक पडलेला, म्हणजे दप्तरी नोंद झालेला कागद, आणि तो तिच्या नावाचा होता. कोण मागून घेणार? अध्यक्षांनी फाइलमधून ठरावाचा कागद ओढून काढला, चुरगाळून खिशात कोंबला, आणि ते दाराकडे निघाले.

"साहेब," तिने हाक मारली. "आज ही सगळी लावते मी. सोमवारपासून मुलं परत काढतील. पुढच्या शनिवारी दुसरा मेमो घेऊन या."