तास संपल्यावर येते, मदर

"मूळच्या कुठल्या तुम्ही, सिस्टर?"

त्यानं हसत विचारलं. हातात पेढ्यांचा डबा. त्याच्या मुलाला विज्ञानात वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले होते. विज्ञान मी शिकवत होते.

"म्हसळ्याकडची. आदिवासीवाडीतली."

"म्हणजे कातकरी?"

"हो."

डबा माझ्यासमोर उघडा होता. हात निम्म्यावर गेला होता माझा. त्यानं डबा वळवला आणि मदरांपुढं धरला.

"वाटत नाय हो बघून. उंदीर खातात ना अजून तुमच्यात?"

पालकसभेला आलेली माणसं हसली. न्हावा शेवा बंदरात याचे ट्रेलर चालतात. शाळेच्या नव्या इमारतीला यानंच हातभार लावलेला. हा हसला, ते मी गिळलं. पण मदरही हसल्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या प्रमुख. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकतो. त्यांनी पेढा उचलला आणि खाल्ला.

माझा हात तसाच. मी तो झग्याला पुसला. काही लागलेलं नसताना.

खाल्लेत आम्ही उंदीर. लपवायचं काय त्यात? कापणी उरकली की बांधावरची बिळं खणायची. भात दुसऱ्याचं, उंदीर आमचा. पुढं आईबाप वीटभट्टीवर जायचे आणि मी सिस्टरांच्या वसतिगृहात राहायची. तिथं एक म्हातारी सिस्टर गणित शिकवायची. चुकलं तरी कधी आमची वाडी काढली नाही तिनं. तिच्यासारखं व्हायचं म्हणून मी या वाटेला आले. गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन, अशी तीन व्रतं घेतली. गरिबीचं काही वाटलं नाही. ती जन्मापासून ओळखीची.

पालकसभेनंतर मदरांनी ऑफिसात बोलावलं.

"काही दिवस तू किचन सांभाळ, सिस्टर. पालकांचं मन राखावं लागतं."

"आणि माझी आठवी?"

"बघेल कोणीतरी. आज्ञापालन, सिस्टर."

आठवीचं विज्ञान खेळाच्या सरांकडं गेलं. ते मुलांना गप्प बसवायचे आणि मोबाईल बघायचे. मी मागच्या पडवीत मासळी साफ करत बसायची. घंटा झाली की अंग आपोआप उठू बघायचं. पुन्हा खाली बसायची. देवाची इच्छा, म्हणायची. दुसऱ्याची इच्छा देवाच्या नावावर खपवायला फार सोपी असते.

मग एक दिवस आय आली. म्हसळ्याहून एसटीनं, गाड्या बदलत. पिशवीत माझ्यासाठी जिवंत चिंबोऱ्या. गेटवर सांगितलं, सिस्टरची आई. वॉचमननं तिला मागच्या दारानं पाठवलं. मी कोलंबी सोलत होते. आय दारातच थांबली.

"आज सुट्टी हाय शाळेला?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावर पोरांनी कविता म्हणायला सुरुवात केली. आयनं वर बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"शिकवीत न्हाईस?"

मी सगळं सांगितलं. पेढ्याचं, हसण्याचं, व्रताचं. मला वाटलं ती रडेल. आय माझ्यापुढं बसली. एक कोलंबी उचलून तिनं एका झटक्यात सोलली.

"ह्ये मला बी येतंय," ती म्हणाली. "याच्यासाठी तुला देवाला दिली व्हती? मंग लगीनच लावून दिलं असतं. घरधनी तरी मिळाला असता."

मी हसायला गेले. हसू आलं नाही.

"वाडीत सांगत फिरतंय मी, माजी लेक मास्तरीण हाय. आता जाऊन काय सांगू?"

चहाही न घेता ती गेली. तिनं ठेवलेल्या पिशवीत चिंबोऱ्या खडखडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी धुतलेला झगा घातला. किचनकडं वळलेच नाही. सरळ आठवीच्या वर्गात गेले. खेळाचे सर उठले आणि मुकाट्यानं बाहेर गेले. मला वाटतं, सुटल्यासारखं झालं त्यांना. मी फळ्यावर लिहिलं : धाराविद्युत. मुलं एकदम उभी राहिली.

थोड्या वेळानं मदर दारात आल्या.

"सिस्टर, बाहेर या."

मी खडू खाली ठेवला नाही.

"तास संपल्यावर येते, मदर."

मुलांसमोर त्यांना असं कोणी कधी बोललं नव्हतं. त्या वळून निघून गेल्या. मी तास पूर्ण घेतला. मग ऑफिसात गेले.

"आज्ञापालनाचं व्रत विसरलीस?"

"व्रत देवापुढं घेतलंय. त्या माणसाच्या जातीपुढं नाही."

"त्यांनी मुलगा काढून नेला तर?"

"नेऊ द्या. त्या पोराला विज्ञान मी शिकवलं. ते काही त्यांना काढून नेता येणार नाही."

"तुला गर्व झालाय, सिस्टर."

"झाला असेल. कन्फेशनमध्ये सांगेन. पण वर्ग सोडणार नाही."

त्या माणसानं मुलगा काढलाच. मदर आता जेवणाच्या टेबलावर माझ्याशी बोलत नाहीत. दोन सिस्टर लपून माझा हात दाबतात. लपून दाबलेल्या हाताचं मी काय करू? वरिष्ठांकडं तक्रार गेली आहे. बदली होईल म्हणतात. होऊ दे. जिथं टाकतील तिथं जाईन, गेल्या गेल्या विचारीन, माझा वर्ग कुठला? किचन दाखवलं, तर तिथं पाळी सगळ्यांची लावा म्हणेन, मदरांचीही. झगा मी उतरवणार नाही. तो मला कुणी दान दिलेला नाही. ज्यांना माझ्या हातचं शिक्षण चालत नाही, त्यांनी दुसरी शाळा बघावी. वर्गातून मी हलणार नाही.