पहिला घास कुणाचा

समोरच्या घरातल्या आजींना सांभाळायला मावशी आल्या, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता. बाई बोलायच्या मोठ्यानं, हसायच्या त्याहून मोठ्यानं आणि काम करताना गुणगुणायच्या ते साफ बेसूर. नवरा गेल्यावर परक्या घरांत, आजारी माणसांच्या उशाशी बसून त्यांनी एकटीनं मुलगी वाढवली होती. हळूहळू मलाच त्या आवाजाची सवय झाली. आजींना तर त्यांच्यावाचून करमेना.

आजींची स्मृती पार विरत चालली होती. पोटच्या मुलाचं नावही आठवायचं नाही. एक सवय मात्र पक्की राहिली होती. भरल्या घरातली थोरली सून म्हणून सगळ्यांचं झाल्याशिवाय त्यांनी कधी तोंडात घास घातला नव्हता. मावशींनी ताटली पुढे केली, की पहिला चमचा आजी मावशींच्याच तोंडाशी नेत. "आधी तू." मावशी तो घास खाणार, "झकास झालंय," म्हणणार, मग आजी निमूट जेवणार. हे दोघींचं आपसांत ठरूनच गेलं होतं.

मग चिरंजीवांनी कॅमेरा बसवला. आजींच्या खुर्चीमागच्या भिंतीवर, अगदी छताला लागून. ऑफिसात बसून मोबाइलवर घर दिसणार, वर तिथूनच बोलताही येणार. आईवर त्याचा जीव होता, ते मी नाकारत नाही. पण जीव आहे म्हणून माणसाच्या मानगुटीवर डोळा बसवायचा?

त्या दिवसापासून गुणगुणणं बंद. कंबर दुखली तरी मावशी भिंतीला टेकायच्या नाहीत. मुलीचा फोन आला तर जिन्यात येऊन दबक्या आवाजात बोलायच्या. आजींचे कपडे बदलताना एका हातानं चादर आडवी धरायला लागल्या, तर वरून आवाज आला.

"मावशी, चादर कशाला?"

"आजींना लाज आहे अजून, दादा."

तो आवाज ऐकून आजी घाबऱ्याघुबऱ्या होऊन कपाट उघडून बघायला लागल्या. "तो आत अडकलाय गं. काढ त्याला!"

आणि एका दुपारी, मी तिथेच बसलेली असताना, तोच आवाज म्हणाला, "मावशी, ते आईचं जेवण आहे."

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडातला घास गिळावा की थुंकावा, तेही त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी आजींनी चमचा पुढे केला, तर यांनी ओठ घट्ट मिटले. "माझं झालंय, आजी."

आजींनी चमचा खाली ठेवला. "मग मलाही नको."

त्यानंतर रोज तेच. आजींच्या हातातल्या बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि आजी ती नळी उपटून काढणार, म्हणजे हात बांधणं आलं.

"अहो, खा ना सरळ!" मी जिन्यात मावशींवर खेकसले.

"आणि चोर म्हणून काढलं तर? मग मला कुणाच्या घरात घेतील, ताई?"

मी तडक आजींच्या मुलाला गाठलं, सगळं सांगितलं. त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. खुर्चीच्या उंच पाठीआड आजी पूर्ण झाकलेल्या, त्यांचं पुटपुटणंही ऐकू येईना. दिसत होता फक्त मावशींचा चेहरा, मजेत घास चावणारा. "यात आई कुठे भरवतेय, काकू? तुम्ही फार साध्या आहात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईवर नजर ठेवणाऱ्या त्या कॅमेऱ्यात जेवताना आईच दिसत नव्हती!

सोमवार उजाडला. डॉक्टर संध्याकाळी नळी घेऊन येणार होते. दुपारी माझ्यासमोरच मावशींनी ताटलीत मऊ भात वाढला, आजींकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या आणि एकदम आजींसकट ती जड खुर्ची कराकरा ओढत कॅमेऱ्याकडे वळवली.

"मावशी? काय चाललंय?" वरून आवाज.

मावशी आजींच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. आजींचा चमचा वर गेला. "आधी तू." मावशींनी तो घास खाल्ला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मावशी, तुम्ही..." आवाज अर्ध्यातच थांबला.

आजींनी मान वर केली. दुसरा चमचा भरला आणि भिंतीकडे उंच धरला. भाताची शितं मांडीवर सांडत होती. "हाही उपाशीच दिसतोय. याचं तोंड कुठंय गं?"

मावशींनी आजींचा हात खाली घ्यायला पाहिलं, पण आजी ऐकेनात. हात दुखला की खाली घ्यायच्या, पुन्हा वर धरायच्या. स्वतः शीतही तोंडात घालेनात. मावशींनी खाल्लं तेही वाया गेलं, असं वाटून माझा धीर सुटला.

अर्ध्या तासानं दार उघडलं. मुलगा बुटांसकट आत आला, धापा टाकत आईपुढे गुडघ्यांवर बसला. आजींनी एखाद्या परक्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं, त्याला भरवलं आणि मग त्या जेवल्या. मला रडू आवरेना.

नळी टळली. कॅमेराही त्यानं स्वतःच काढला, मावशींची माफी मागितली. पण मावशी अजून पूर्वीसारख्या हसत नाहीत. घास तोंडाशी आला, की त्यांची नजर आधी भिंतीवरच्या त्या भोकांकडे जाते. आजी चमचा धरून थांबतात.

"खा गं," त्या हळूच म्हणतात. "कुणी बघत नाहीये."