खाली बसवलेला उंबरठा

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिचा श्रीकांत एवढंच म्हणाला, "मावशी, आई झोपेतच गेली." मी उरलेली जुडी निवडून संपवली, पाला डब्यात भरला आणि मग खुर्चीत बसले... राम घाटावर तिचं सगळं यथासांग झालं, त्यालाही आता काही आठवडे उलटले. मुलांनो, तुम्ही लांब राहता. तुमच्या लेखी नलूआजी म्हणजे सुट्टीत आंब्याची डाळ खाऊ घालणारी, चाकाच्या खुर्चीतली बाई. तिने इथे काय केलं ते तुम्हाला कळावं, म्हणून हे लिहिते आहे.

आपलं घराणं पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचं. माझी मैत्रीण नलू नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आली आणि इथलीच झाली. भाजीवाल्याशी हिंदीत भांडायची, माझ्याशी मराठीत, आणि फारच चिडली की दोन्हींत. देवास गेटजवळच्या आमच्या महिला मंडळात मंगळवारचं भजन तिच्याशिवाय सुरू होत नसे. मग मधुमेहाने तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सभागृहाला उंच पायऱ्या. त्यानंतरच्या पहिल्याच भजनाला चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. ती वरून म्हणाली, "अरे, 'पुढच्या वर्षी लवकर या' असं तरी म्हणा." सगळे हसले. पण पुढच्या मंगळवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले तेव्हा तिने चहा केला, इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी म्हणाली, "सुमन, मला यायचंय. मला आणायला नको." पुढचं सगळं या एका वाक्यासाठी झालं.

लहान मंडळांना थोडं अनुदान देणारी एक स्थानिक संस्था तिने शोधून काढली. कार्यकारिणीत मात्र कुणाला माइक हवा होता, कुणाला पडदे. आमच्या अध्यक्ष मालतीताईंचं म्हणणं, इतक्या थोड्या पैशांत काय होणार, थांबू, एखादी मोठी देणगी मिळेल. नलूचं मत अगदी उलट. मोठी देणगी आली की दात्याच्या नावाची पाटी कुठे लावायची यावरच वर्ष जातं. थोडे पैसे लगेच कामाला लागतात. पायऱ्यांच्या बाजूने उतार, त्याला कठडा आणि बाथरूममध्ये धरायला दांडा, एवढंच तिने मागितलं आणि ते मंजूर झालं.

उताराचं उद्घाटन आम्ही चैत्रातल्या हळदीकुंकवाला ठेवलं. कडेने रांगोळी, दाराला तोरण. नलू भैरवगढच्या छापाची साडी नेसून आली. कठडा धरत, दम खात, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत ती वर पोहोचली... आणि दारात थांबली. समोर उंबरठा होता. सागवानी, चांगला वीतभर उंच. दर चैत्रात आम्ही त्याची पूजा करतो. त्या सकाळीही मालतीताईंनी हळदकुंकू वाहिलं होतं, मी फुलं ठेवली होती, आणि त्याच्यापुढे बसूनही आम्हा दोघींपैकी एकीच्याही मनात काही आलं नव्हतं.

"एवढंच तर राहिलंय, आता उचलतो की," मालतीताई म्हणाल्या.

"हात लावू नका," नलू शांतपणे म्हणाली. "मी इथेच बसते. कुंकू लावायला तुम्ही बाहेर या."

मग काय, सगळं हळदीकुंकू बाहेर आलं. पन्हं, डाळ, करंड, सगळं. मालतीताईंचे गुडघे कायमचे धरलेले. चौकट पकडून त्यांनी एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. नलू बघत होती. म्हणाली, "ताई, तुम्हाला तरी कुठे जमतंय?" मालतीताईंनी तिला कुंकू लावलं आणि ठणकावून सांगितलं की उंबरठा काढायचा नाही, ते अशुभ. "काढू नका ना," नलू म्हणाली. "खाली बसवा, फरशीच्या बरोबर. पूजेला मात्र जरा जास्त वाकावं लागेल तुम्हाला." दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला फोन मात्र मालतीताईंनीच केला. तो म्हणाला, "माताजी, देहरी निकालने को तो सब बोलते हैं, नीचे बिठाने को पहली बार सुना." त्याने फरशी खोदून तोच सागवानी उंबरठा जमिनीत बसवला. त्या मंगळवारी नलू त्याच्यावरून आत आली. टाळ्या वाजवायच्या नाहीत अशी तिने आधीच ताकीद दिली होती. आम्ही वाजवल्या नाहीत. तिने थेट भजनाला सुरुवात केली, तीही नेहमीसारखी चढ्या सुरात.

पुढे त्या उतारावरून काठी टेकत येणारे आजोबा आले, बाबागाडी ढकलणाऱ्या सुना आल्या, वर्षानुवर्षं घरात बसलेल्या बायका आल्या. आणखी एका छोट्या अनुदानातून बसल्या जागी करायच्या व्यायामाचा वर्ग सुरू झाला. तिथे आता मालतीताई पहिल्या रांगेत असतात. मोठ्या पैशाची वाट बघत बसलो असतो, तर यातलं काहीच झालं नसतं, असं मला खात्रीने वाटतं.

नलूच्या शोकसभेला खुर्च्या मीच मांडल्या. मांडून झाल्यावर पाहिलं, तर पहिल्या रांगेत डावीकडे सवयीने एका खुर्चीची जागा मोकळी सोडली होती. तिथे खुर्ची ठेवावी की नाही, काही सुचेना... तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून एक अनोळखी बाई आत आल्या. सोबत कुणी नव्हतं. त्या मोकळ्या जागेकडे बघून त्यांनी विचारलं, "यहाँ कोई है क्या?"

मी म्हटलं, "नाही. या, बसा."