खुर्चीला हार नको

शमीमबाई गेल्याचं मला येरमाळ्याच्या स्टँडवर कळलं. फोनवर त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "मंगलताई, अम्मी गेली." धाराशिवची गाडी समोर लागली होती, ती मी सोडून दिली. रडू नंतर आलं, आधी आला तो राग. पंचायतीशी इतकी भांडणं अर्धी पडलेली असताना ही बाई मधेच उठून जाते म्हणजे काय... दीड महिना झाला, तो राग अजून उतरत नाही.

बेंबळीच्या शाळेत त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या. फ्रान्सची क्रांती आली तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं. चार पोरी बाकावर बसवल्या, दोघी सरदार, दोघी धर्मगुरू. उरलेल्या आम्ही सगळ्या फरशीवर. ठराव असा, की आज खेळायला सोडायचं का. एका गटाला एकच मत. बाकावरचे दोन्ही गट नको म्हणाले आणि वर्गभर असूनही आम्ही हरलो! मी तणतणत उठले, हे कुठलं बाई, आम्ही तर लई जणी. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिथल्या लोकांनी हेच विचारलं. राजाला देवानं नेमलंय म्हणायचे, तर हे म्हणाले, कशावरून? आधी डोकं उठलं मंगल, माणसं नंतर उठली." तेव्हापासून घरात मी ऊठसूट 'कशावरून' विचारायला लागले आणि आईनं कपाळाला हात लावला.

आमच्या ग्रामसभेत पुरुष खुर्च्यांवर आणि बायका दाराजवळ सतरंजीवर. रिटायर झाल्यावर बाई घरची लोखंडी, घडीची खुर्ची काखेत मारून गेल्या आणि पहिल्या रांगेत उघडून बसल्या. सरपंचांनी गोडीत सांगून पाहिलं, की बायकांनी खाली बसायची आपल्याकडं रीत आहे. बाईंनी विचारलं, ठरवताना आम्हाला विचारलं होतं का? मग त्यांनी विषय काढला, आठवडी बाजारात बायकांसाठी मुतारी. तो शब्द ऐकून निम्मे पुरुष पंख्याकडं बघायला लागले. बायका पदराआड हसल्या. तेवढ्यात भाजी विकणारी गंगाबाई मागून बोलली, "बाई खरं सांगत्यात. बाजारच्या दिवशी आमी पाणीच पीत न्हाय." मग कुणीच हसलं नाही.

मुतारी पुढच्या सभेवर गेली, मग त्याच्या पुढच्या. बाई दर सभेला खुर्ची घेऊन हजर. आम्ही बाकीच्या मात्र सतरंजीवरच, कारण घरी जाऊन सासऱ्या-दिरांना तोंड द्यायचं होतं.

गेल्या आठवड्यात पंचायतीत शोकसभा झाली. बाईंना फोटो आवडत नसे, म्हणून मुलाकडून खुर्ची मागून आणलेली, तिलाच हार. सरपंच म्हणाले, ही आठवण म्हणून इथंच ठेवू, हिच्यावर कुणी बसायचं नाही. आणि आम्ही बायका? सतरंजीवर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. जिनं यांना इतकी वर्षं चैन पडू दिलं नाही, तिचा देव करून कोपऱ्यात बसवायला निघाले होते. मी उठले, हार काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसले.

"ताई, ती बाईंची खुर्ची हाय," सरपंच म्हणाले.

"व्हय, म्हणूनच बसले. मुतारीचं काय झालं?"

येताना खुर्ची मी काखेत मारून आणली, मुलानंच घेऊन जा म्हटलं. आता ती माझ्या दाराआड असते, बसलं की डावीकडून कुरकुरते. उद्या ग्रामसभा आहे. मघाशी गंगाबाई येऊन विचारून गेली, घरातली प्लास्टिकची खुर्ची चालंल का म्हणून.