सांत्वनाला नेलेली डाळ

मी अमरावतीत दिवाळखोरीच्या कायद्याची वकिली करतो. हा कायदा एका जागी बसत नाही. सकाळी दुरुस्ती, दुपारी निकाल, संध्याकाळी त्या निकालावर कुण्या प्राध्यापकाचा लेख. मी सगळं वाचतो आणि सोप्या मराठीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. सगळे हात जोडतात. वाचत कुणी नाही. बायको म्हणते, "त्यापेक्षा सकाळचं गुलाबाचं फूल बरं, डोकं तरी दुखत नाही."

सगळ्यात आधी हात जोडतात ते माझ्या ताईचे यजमान, भाऊजी. बाळापूरला त्यांची लहानशी दालमिल आहे. अकोल्याचा एक बेसनाचा कारखाना त्यांची हरभरा डाळ उधारीवर न्यायचा. तो दिवाळखोरीत गेला तसा मी फोन केला, "भाऊजी, लगेच दावा लावा." ते म्हणाले, "हो, लावतो ना." मी निश्चिंत झालो.

परवा कळलं, न्यायाधिकरणानं कारखान्याच्या नव्या मालकाची योजना मंजूर केली. तसाच बाळापूरला गेलो.

"दावा लावला होता ना?"

"नाई बा."

"कावून?"

"अरे, मी कारखान्याच्या मालकाच्या घरी बसाले गेलो होतो. लेकरं कोपऱ्यात चूप बसलेली. तिथं पैशाचं कसं काढू? उलटी पायलीभर डाळ देऊन आलो."

आपल्याकडची ही रीतच. कुणाचं दिवाळं निघालं की मयतीला जावं तसं जायचं, मान खाली घालून बसायचं आणि उठायचं. माझं डोकंच फिरलं.

"बँकेनं लावला ना दावा! तिले नाई सुतक?"

ज्यांचं येणं अडकलं त्यांच्या समितीत मत बँकांचं. डाळवाल्यानं फार तर ऐकायचं. योजनेत ज्याचा दावा नाही त्याचं येणं बुडालं, नव्या मालकाला पाटी कोरी. वर विद्वान लिहितात, कारखाना वाचला म्हणजे सगळे वाचले. कोण सगळे? इथं भाऊजींची मिल अर्धा दिवस बंद असते, हमाल झाडाखाली पत्ते कुटतात.

"अन् हे सारं मी ग्रुपवर टाकलं होतं!"

"म्या हात जोडले होते," भाऊजी म्हणाले.

ताई आतून आली. "त्याच्यावर कायले वरडून राहिला? तुया निकालापरीस तूच एक चक्कर मारली असती तं दाव्याच्या कागदावर सही नसती घेता आली?"

मी चष्मा पुसत बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. त्याच कारखान्यातून होता, नव्या मालकाच्या माणसाचा. भाऊजींनी फोनवर हात ठेवला. "डाळ मागून राहिले. महिनाभर उधार म्हणतेत. देऊ काय?"

मी कायदा सांगायला तोंड उघडलं. ताईनं फोनच हिसकावला.

"डाळ आहे. पैसे आधी," ती म्हणाली. "अन् तुमच्या जुन्या मालकाच्या घरी आमी बसाले जाऊन आलो. आता तुमी या आमच्या इथं."