ज्याचं त्याले

आमच्या अमरावतीच्या गल्लीतला शिंपी शर्टासोबत उरलेली चिंधीही परत द्यायचा. "राहू द्या," म्हटलं की डोळे वटारायचा. "कावून राहू द्या? ज्याचं त्याले!" मला त्याचा धाकच वाटायचा.

गणपतीतल्या नाटकात राक्षस दरवर्षी तोच. एका वर्षी राजपुत्र मी होतो. राक्षस मरायचा तो फक्त जादूच्या तलवारीने, आणि ऐन लढाईत तीच माझ्या हातून निसटून त्याच्या पायाशी पडली. मी थिजलो. मांडवात हशा उसळला.

राक्षसाने गदा काखेत मारली, तलवार उचलली, शेल्याला पुसली आणि मूठ माझ्याकडे करून धरली.

"घे बापू, ज्याचं त्याले. आता मार मले. पण बेतानं, हा अंगरखा मंडळाचा हाये."